बुतांव नसलेला अंगरखा

गोव्यात शिगम्याच्या दिवसांत डिचोलीकडच्या एखाद्या गावात दुपार कलताना मांडावर, म्हणजे गाव जमते त्या जागी, जाऊन उभे राहावे. ढोल-ताशे अजून तापायचे असतात, आणि देवळाच्या अग्रशाळेत घोडा बांधायचे काम चाललेले असते. घोडा म्हणजे लाकडात कोरलेली मान आणि तोंड, आणि त्यामागे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा. त्याच्या मध्यभागी माणूस उभा राहतो. सांगाडा खांद्यांवरून घेतलेल्या पट्ट्यांनी तोलायचा, खाली घोळदार रंगीत कापड सोडायचे, मानेवर फुलांच्या माळा चढवायच्या. मग डोक्याला पागोटे, पायांत घुंगरू, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात नंगी तलवार. घोडेमोडणीचा स्वार तयार झाला. या नाचाला गाणे नाही. ढोल, ताशे आणि कासाळे वाजत राहतात आणि स्वार पुढे-मागे झेपावत राहतो. सत्तरीच्या राणे सरदारांनी आणि मराठ्यांनी फिरंग्यांशी, म्हणजे पोर्तुगीजांशी, दिलेल्या झुंजींची ही आठवण, असे गावातली जाणती माणसे सांगतात.

ऐतिहासिक पोशाख हौसेने शिवणे आणि अंगावर घालून मिरवणे हा अलीकडचा, शहरी छंद आहे असे मानणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे. युरोपात जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्यात यंत्राची शिवण चालते की नाही यावर हमरीतुमरी होते. आमच्याकडे असा वाद कधी झाला नाही, पण पोशाखाची परीक्षा मात्र त्याहून कडक आहे. तो अंगावर घालून भर उन्हात दोन-तीन तास नाचावे लागते. चुकीचा बेतलेला कपडा इथे काखेतच उसवतो.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात मी मावळा होतो. ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याची. पेटी संध्याकाळी उशिरा आली आणि तिच्यात मावळ्यांचे दोन अंगरखे कमी निघाले. मला मिळालेला मखमलीचा अंगरखा पुढून बटणांचा, वर जरीची पट्टी. ‘हर हर महादेव’ म्हणत तलवार उगारली, तशी अख्खी मखमल हाताबरोबर वर चढली आणि आतली पँट लोकांना दिसली. त्या रात्री मला लाज वाटली. कोट कापतात तसा तो अंगरखा कापला होता, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

जुना अंगरखा वेगळ्या हिशेबाने बेतलेला असे. छातीवर दोन पदर एकमेकांवर येत, ते बंदांनी बांधत. खालचा घेर निमुळत्या कळ्या जोडून वाढवत. काखेत कापडाचा एक तिरकस तुकडा घालत. सगळी खुबी त्या तुकड्यात आहे. तो असला की हात डोक्यावर नेला तरी कंबर जागची हलत नाही. घोड्यावर बसणाऱ्या, भाला फेकणाऱ्या माणसाचा हा कपडा होता. बाराबंदीचे तर नावच तिच्या बंदांवरून पडले. मोगलकाळापासून हे बंद डाव्या काखेखाली आले तर हिंदू आणि उजव्या काखेखाली आले तर मुसलमान, असाही एक संकेत होता. भाड्याच्या ड्रेपरीत तो क्वचितच पाळलेला दिसतो.

शिवाजी महाराजांच्या वेशाचेही तसेच. ड्रेपरीतला पुठ्ठ्याचा, मोत्यांच्या लडी लावलेला जिरेटोप आपल्या डोळ्यांत इतका ठसला आहे की दुसरे काही पटतच नाही. पण 17व्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनी चित्रकारांनी काढलेली महाराजांची चित्रे आज ऍमस्टरडॅमच्या आणि पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत. त्यांत बांधलेले पागोटे दिसते, त्यावर तुरा आणि अंगालगत बसलेला अंगरखा. मखमलीच्या ढिगापेक्षा या साधेपणात राजेपण जास्त आहे, असे मला मनापासून वाटते.

आता बटणांकडे येतो, कारण गोव्यात बटण ही नुसती शिवणकामातली गोष्ट नाही. आमच्या कोंकणीत बटणाला ‘बुतांव’ म्हणतात. हा पोर्तुगीज शब्द आहे. ते ज्या भोकात अडकवायचे त्याला मराठीत ‘काज’ म्हणतात, आणि तोही पोर्तुगीज ‘काझा’वरून, म्हणजे ‘घर’ या शब्दावरून आला. फिरंग्यांशी लढणाऱ्या स्वाराच्या छातीवर आपण बुतांव लावतो, तेव्हा शत्रूची भाषाच त्याच्या अंगावर टाचत असतो.

कपड्यावरून इथे खरोखरच सत्ता चालवली गेली. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी वापरायची बंदी केली. त्याच फर्मानाने दारातली तुळसही काढायला लावली. डिचोली आणि पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. डिचोली त्यांनी 1781 मध्ये घेतली, आणि पेडणे सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेले ते 1788 मध्ये. तोवर इन्क्विझिशनचा पहिला जोर ओसरला होता. 1812 मध्ये ती कायमची बंदच झाली. शिवाय डिचोली तालुक्यातल्याच नार्व्याला शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा बांधवले. म्हणून या दोन तालुक्यांत बंद, पागोटे आणि नऊवारी यांची सय तुटली नाही. मांडावरचा घोडेस्वार याच न तुटलेल्या धाग्यावर उभा आहे, असे मी मानतो.

शापोरा नदीच्या दक्षिण काठावर, बार्देशातल्या कोलवाळला, वेंडेल रॉड्रिक्स राहत असत. ते व्यवसायाने फॅशन डिझायनर. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास त्यांनी ‘मोडा गोवा’ या ग्रंथात मांडला, कुणबी साडी पुन्हा लोकांच्या अंगावर आणली आणि राहते घर पोशाखांच्या संग्रहालयासाठी दिले. 2020 मध्ये ते गेले. नदी ओलांडली की पेडणे लागते, आणि तिथला पोशाखाचा संग्रह मात्र कपाटात नसतो, तो पेटाऱ्यात असतो.

दशावतारी मंडळींचा पेटारा. त्याची पूजा झाल्याशिवाय खेळ उभा राहत नाही. जत्रेच्या रात्री देवळामागच्या पडवीत नट मांडी घालून बसलेले असतात, हातात छोटा आरसा. रंग स्वतःच लावायचा, कासोटा स्वतःच घालायचा. स्त्रीपार्ट करणारा नट नऊवारीच्या निऱ्या स्वतःच्या बोटांनी इतक्या झरझर घालतो की शेजारच्या बायका बघत राहतात. मुकुट पुठ्ठ्याचे, त्यांवर बेगड आणि टिकल्या. बेगडाची कड सुटली तर खळीचे बोट फिरवून तिथल्या तिथे चिकटवायची. संकासुराचा काळा झगा आणि लोंबती लाल जीभ बघून लहानपणी आईच्या पदरात तोंड लपवले नाही, असे पेडण्यात कोणी सापडायचे नाही. हे पौराणिक सोंग आहे, ऐतिहासिक नाही, हे खरे. पण वेशाची काळजी कशी घ्यायची याची शाळा आमच्या भागात हीच आहे. घोडेमोडणीचे स्वार आणि शिगम्याच्या मिरवणुकीत वेशभूषेच्या स्पर्धेला उतरणारे पोरगे याच शाळेतून शिकतात.

मिरवणुकीतली वेशभूषा हल्ली झगमगाटाकडे झुकते आहे. थर्माकोलची ढाल, फवाऱ्याने मारलेला सोनेरी रंग, प्लास्टिकचे दागिने. पोरांचे कष्ट खरे असतात, रात्री जागवलेल्या असतात, म्हणून त्यांना नावे ठेवायला जीभ वळत नाही. पण त्यांच्यापैकी एकाने तरी मांजरपाटाचे कापड घ्यावे, कळ्या काढाव्यात आणि काखेत तो तिरकस तुकडा घालावा, ही माझी इच्छा आहे. खर्च मखमलीच्या भाड्यापेक्षा कमी येतो. शिवणारा शिंपी गावात अजून आहे, फक्त त्याला शाळेच्या गणवेशांपलीकडचे काम सांगायला हवे.

मी असा एक अंगरखा शिवून घेतला. पहिल्यांदा अंगात घातला तेव्हा लक्षात आले की काखेखालचे बंद नीट बांधायचे तर एका हाताने जमत नाही. दुसरे माणूस लागते. अग्रशाळेत उभा होतो, तेव्हा घोडा बांधणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी हातातला काथ्या खाली ठेवला आणि न सांगता पुढे येऊन, माझा डावा हात वर धरून, दोन गाठी मारल्या. मग मला तलवार उगारायला सांगितली, अंगरख्याची कंबर जागची हलली नाही हे पाहिले, आणि ते पुन्हा घोड्याच्या मानेकडे वळले.