परदेशी जोडीदार आणि आयकराचे रिटर्न

कराडच्या मुलाने अमेरिकन मुलीशी लग्न केले, दोघे गावी राहू लागले, की पहिला प्रश्न येतो: रिटर्न एकच भरायचे का? नाही. भारतात नवरा-बायकोचे एकत्र रिटर्न नसतेच. पॅन वेगळे, रिटर्नही वेगळे. शिवाय इथला कर नागरिकत्वावर नव्हे, वास्तव्यावर ठरतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे राहिलेली सून कायद्याने 'निवासी'.

अमेरिका मात्र आपल्या नागरिकाकडून जगात कुठेही हिशेब मागते. खरी गफलत होते जॉइंट खात्यात. वाळव्याच्या उसाचे बिल दोघांच्या खात्यावर जमा होते. शेतीचे उत्पन्न इथे करमुक्त, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण तिच्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी तिला तिकडच्या अर्थखात्याला कळवावेच लागते. उलट, इथे कायम राहणाऱ्या नवऱ्याचे नाव तिच्या तिकडच्या खात्यावर असेल, तर त्याला सोपा आयटीआर-१ चालत नाही. उत्पन्न करपात्र नसले तरी परदेशी खात्याची नोंद हवीच.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून दोन्ही देशांत १९८९ चा करार आहे. सांगली-साताऱ्यात सीएकडे जाताना दोघांचीही खाती दाखवा, तिकडचीसुद्धा.