हक्क कोणावर आणि कुठपर्यंत: एका वाय-फाय ड्रायव्हरच्या दुरुस्तीची उकल

यूएसबीला लावलेला वाय-फायचा डोंगल कोणीही, कधीही उपटून काढू शकतो. त्या क्षणी ड्रायव्हर कुठल्या कामात गुंतला असेल, याची काळजी काढणाऱ्याने करायची नसते. ती ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवायची असते. लिनक्समध्ये त्यासाठीचे मुख्य साधन म्हणजे रेफरन्स काउंट, म्हणजेच मेमरीतली एखादी नोंद सध्या किती जण वापरत आहेत याची मोजणी. ही मोजणी कशी बिघडते आणि कशी सावरता येते, हे समजून घ्यायला २०१९ साली 'पी५४यूएसबी' या ड्रायव्हरमध्ये झालेली दुरुस्ती फार उपयोगी आहे.

आधी मोजणीचा नियम पाहू. डोंगल लावला की कर्नल त्याच्यासाठी मेमरीत एक नोंद तयार करतो. ज्याला ती नोंद लागते, तो 'गेट' करून आकडा एकने वाढवतो, म्हणजेच नोंदीवर हक्क धरतो. काम संपले की 'पुट' करून एकने उतरवतो, म्हणजेच हक्क सोडतो. आकडा शून्यावर आला की नोंदीची मेमरी मोकळी होते. सामाईक खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा मालवायचा, असाच हा नियम आहे.

यात दोन प्रकारे चूक होते. 'पुट' करायचे राहिले, तर आकडा शून्यावर येतच नाही आणि मेमरी अडकून पडते. उलट 'पुट' एकदा जास्त झाले किंवा 'गेट' करायचेच राहून गेले, तर कोणीतरी वापरत असतानाच नोंद मोडली जाते. त्या जागी मग दुसरीच माहिती येऊन बसते आणि जुना वापरकर्ता तिलाच आपली समजून चालतो. दुसरी चूक उघडच घातक आहे, पण पहिलीही निरुपद्रवी नाही. कर्नलमधल्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात एका वाटेवर 'पुट' सुटले होते, हे जानेवारी २०१६ मध्ये उघड झाले. तिथला ३२ बिटांचा आकडा वाढवत नेला की तो फिरून शून्यावर येई, आणि त्यातून साध्या वापरकर्त्याला यंत्रावर पूर्ण ताबा मिळवता येत असे. २०१७ च्या ४.११ आवृत्तीपासून कर्नलमध्ये मोजणीसाठी 'रेफकाउंट_टी' हा वेगळा प्रकार आहे. तो फिरून शून्यावर येत नाही, टोकाला अडकून राहतो आणि इशारा देतो.

आता आपले उदाहरण. 'पी५४यूएसबी' हा प्रिझम५४ घराण्यातल्या वाय-फाय चिपांचा ड्रायव्हर आहे. या चिपमध्ये काम सुरू करण्याआधी फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारा प्रोग्राम, भरावे लागते आणि ते संगणकातल्या फाइलमधून येते. फाइल वाचायला वेळ लागतो, म्हणून ड्रायव्हर मागणी नोंदवून पुढे जातो. फाइल हाती आली, किंवा मिळालीच नाही, की कर्नल ड्रायव्हरचे एक ठरलेले फंक्शन बोलावतो. यालाच कॉलबॅक म्हणतात. मागणी आणि कॉलबॅक यांच्यामध्ये डोंगल काढला गेला तर? त्यासाठी डोंगल काढल्यावर चालणारे डिस्कनेक्ट फंक्शन कॉलबॅककडून 'झाले' असा संकेत येईपर्यंत थांबते आणि मगच ड्रायव्हरने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली खासगी नोंद मोडते. कागदावर हे चोख दिसते.

गूगलच्या सिझबॉट या स्वयंचलित चाचणी यंत्रणेने त्यातली फट दाखवली. ही यंत्रणा खरा डोंगल न लावता कर्नलपुढे बनावट यूएसबी उपकरणे उभी करते. मोडलेल्या मेमरीला कोणी हात लावला की कर्नलमधला केसॅन हा पहारेकरी ते पकडतो. इथे तेच पकडले गेले. यूएसबी विभागातले जाणते विकासक ॲलन स्टर्न यांनी दुरुस्ती लिहिली तेव्हा एकात एक गुंतलेले चार दोष समोर आले.

पहिला दोष: फर्मवेअर मिळाले नाही तर कॉलबॅक ड्रायव्हरला सोडवू पाही, पण चुकीच्या ठिकाणाहून. एका यूएसबी उपकरणात अनेक इंटरफेस असू शकतात. वेबकॅममध्ये चित्राचा वेगळा आणि आवाजाचा वेगळा असतो, तसे. हा ड्रायव्हर इंटरफेसशी जोडलेला होता, कॉलबॅक मात्र तो अख्ख्या उपकरणापासून सोडवत होता.

दुसरा दोष: 'झाले' असा संकेत दिल्यावरही कॉलबॅक खासगी नोंदीत डोकावत होता. संकेत मिळताच डिस्कनेक्ट मोकळे होते आणि ती नोंद मोडू शकते. फर्मवेअर नीट भरले गेले असले तरी हा धोका होताच.

तिसरा दोष खास मोजणीचा. कॉलबॅक होईपर्यंत ड्रायव्हरने उपकरणाच्या नोंदीवर हक्क धरला होता. पण पहिला दोष दुरुस्त केला की कॉलबॅकला इंटरफेसची नोंद लागते, आणि तिच्यावर हक्क कोणीच धरलेला नव्हता.

चौथा दोष: जोडणीच्या वेळी उपकरणावर आणखी एक हक्क धरून तो डिस्कनेक्टमध्ये सोडला जाई. आकडे जुळत होते, पण त्या हक्काने साधत काहीच नव्हते. ड्रायव्हर एखाद्या इंटरफेसशी जोडलेला असेपर्यंत उपकरणाची नोंद मोडली जाणार नाही, याची हमी यूएसबीचा गाभाच देतो.

दुरुस्तीही याच क्रमाने उलगडते. फर्मवेअरची मागणी करण्याआधी इंटरफेसवर 'गेट'. मागणी तिथल्या तिथे फसली, तर तिथेच 'पुट', कारण कॉलबॅक येणारच नाही. मागणी गेली, तर 'पुट' कॉलबॅकच्या अगदी शेवटच्या ओळीत. कॉलबॅक सुरू होताच उपकरण आणि इंटरफेस यांचे पत्ते स्वतःजवळ उतरवून घेतो, 'झाले' म्हणतो आणि त्यानंतर खासगी नोंदीला शिवत नाही. तसे बजावणारी टीपही कोडमध्ये लिहिलेली आहे. अपयश आले असेल तर उपकरणाचे कुलूप घेऊन ड्रायव्हरला इंटरफेसपासून सोडवले जाते. जोडणीच्या वेळचा तो निरर्थक हक्क काढून टाकला जातो.

या दुरुस्तीतले सगळ्यात मोलाचे शहाणपण असे की नुसते 'गेट' आणि 'पुट' मोजून ड्रायव्हर निर्दोष ठरत नाही. जुन्या कोडमधला तो जादा हक्क मोजणीत तंतोतंत जुळत होता, तरी त्याने कोणाचे रक्षण केले नाही. ज्या नोंदीला खरा आधार हवा होता, तिच्यावर मात्र हक्कच नव्हता. म्हणून ड्रायव्हर तपासताना प्रत्येक 'गेट'पाशी थांबून विचारावे: हा हक्क नेमका कोणत्या नोंदीवर आहे? तो कोणत्या कामासाठी आहे? आणि ते काम ज्या ज्या वाटांनी संपू शकते, त्या प्रत्येक वाटेवर बरोबर एक 'पुट' आहे का? यश, अपयश आणि मध्येच उपटलेला डोंगल, या तिन्ही वाटा बोट ठेवून चालून पाहाव्यात. एखाद्या हक्काचे कारण सांगता येत नसेल, तर तो 'असू दे, सुरक्षित' म्हणून ठेवू नये. पुढे वाचणाऱ्याला तो फसव्या भरवशावर नेतो.

इतक्या जुन्या चिपांसाठी एवढी मेहनत कशाला, असे वाटू शकते. पण यूएसबी उपकरण आपली ओळख स्वतःच सांगते आणि कर्नल तिच्यावर विश्वास ठेवून ड्रायव्हर जागा करतो. वाईट हेतूने बनवलेले उपकरण कुठल्याही जुन्या डोंगलचे नाव घेऊन आजच्या लॅपटॉपवर तो विसरलेला कोड चालवू शकते. म्हणून ड्रायव्हर जोवर कर्नलसोबत वाटला जातो, तोवर त्यातली मोजणी बिनचूक ठेवणे ही आजचीच जबाबदारी आहे.