कृत्रिम बुद्धिमत्तेचा जमाखर्च

डेटा सेंटरमधील शीतकरणाची यंत्रणा चालविणे हे अभियंत्यांच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम आहे. कारण संगणकांचा भार, इमारतीची रचना आणि बाहेरचे हवामान यांचे परस्परसंबंध इतके गुंतागुंतीचे असतात की, एका इमारतीसाठी बसविलेले सूत्र दुसरीस लागू पडेलच याची शाश्वती नसते. लंडनच्या डीपमाइंड या गूगलच्याच संस्थेने तापमान, विजेचा वापर, पंपांची गती इत्यादींच्या साठलेल्या नोंदींवर न्यूरल नेटवर्क शिकवून तयार केले, आणि २०१६ साली गूगलने जाहीर केले की, त्याच्या सल्ल्याने शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाली. बुद्धिमान यंत्राने प्रथम स्वतःच्याच घरचा उकाडा शमवावा, हे सयुक्तिकच झाले!

परंतु येथे एक गफलत संभवते. शीतकरणाची आज्ञावली आकाराने लहान, एकाच कामास जुंपलेली आणि विजेच्या बाबतीत मितव्ययी असते. उलट, वाटेल त्या प्रश्नास उत्तर देणारी जी महाकाय भाषा-प्रारूपे आज सर्वतोमुखी झाली आहेत, त्यांच्यापैकी जीपीटी-३ या एकाच प्रारूपाच्या प्रशिक्षणास सुमारे १,२८७ मेगावॅट-तास वीज लागली असा संशोधकांचा अंदाज आहे. पहिलीने मिळविलेले पुण्य दुसऱ्यांच्या खाती जमा करणे, ही हिशेबनिसाची चलाखी होय, विज्ञान नव्हे.

इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या घरात जाईल, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. त्यात सारा वाटा कृत्रिम बुद्धिमत्तेचा नाही, हे खरे. पण वाढीचे प्रमुख कारण तीच. शिवाय दीड टक्का ही सरासरी फसवी आहे, कारण हा भार जगभर समप्रमाणात न पसरता मोजक्या ठिकाणी एकवटतो: आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर नोंदलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी घेतली, आणि शहरांतील साऱ्या घरांचा वाटा १८ टक्केच भरला.

बचत झाली की मागणी घटते, हा समज विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ सालीच खोडून काढला होता. वाफेची एंजिने काटकसरी झाली तसतसा इंग्लंडातील कोळशाचा खप वाढतच गेला. गूगलचेच उदाहरण घ्यावे: शीतकरणातील त्या कीर्तिमान बचतीनंतरही कंपनीचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात ४८ टक्क्यांनी वाढले, आणि त्यामागे डेटा सेंटरांची वाढती वीज हे एक मुख्य कारण असल्याचे तिच्याच अहवालात नमूद आहे.

युरोपीय संघाने ५०० किलोवॅट व त्यावरील डेटा सेंटरांना वीज-पाण्याचा तपशील सादर करणे बंधनकारक केले आहे. समुद्राखालील केबलींमुळे मुंबई-नवी मुंबई हे या उद्योगाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र झाले असल्याने, महाराष्ट्र सरकारनेही सवलतींच्या फर्मानावर शिक्का उठविण्यापूर्वी हाच तपशील मागावा, आणि तो जनतेसमोर ठेवावा.