‘लाइन लागत नाही’ म्हणणारं मशीन

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की माझ्याकडे तोच व्हिडिओ येऊ लागतो. मागच्या रब्बीत आमच्याच तालुक्यातले एक शेतकरी ओलित अर्ध्यावर टाकून शाळेत आले, मोबाइल पुढे धरला आणि म्हणाले, “सर, हे पाहा बरं. याले लाइनच लागत नाई म्हन्ते. खरं हाय काय?”

व्हिडिओत एक मोटार, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याला जड लोखंडी चाक आणि चाकापलीकडे जनरेटर. मोटार आधी बोर्डावर चालू करतात. चाकाने वेग घेतला की पिन उपटतात आणि जनरेटरची वायर त्याच मोटारीला देतात. चाक फिरत राहतं, बल्ब जळत राहतो आणि चाळीस सेकंदांत व्हिडिओ संपतो. खाली लिहिलेलं: एकदा सुरू करा, जन्मभर फुकट वीज. त्यांच्या गावातल्या एकाने आगाऊ पैसेही भरले होते. मशीन आलं नाही, आणि नंतर फोन लागेना.

या माणसांना कुणी अडाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. रात्रीची थ्री फेज, हातात बॅटरी, पायाखाली चिखल आणि साप-विंचवाची भीती, डीपी जळाली की दिवस दिवस वाट पाहणं. हे ज्याने भोगलं आहे त्याला लाइनशिवाय चालणारा पंप हवाच असणार. चीड येते ती त्याच्या गरजेवर धंदा करणाऱ्यांची. आणि तेवढीच चीड येते तेच यंत्र ‘फ्री एनर्जी’ नावाने विज्ञान प्रदर्शनात मांडलेलं पाहून. नववीच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे, त्यात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आहे. मुलं तो पेपरात बिनचूक लिहितात, आणि प्रदर्शनात त्या नियमाच्या नेमकं उलट मॉडेल मांडतात. आम्ही शिक्षक ते मांडू देतो, कधी कधी बक्षीसही देतो.

त्या शेतकऱ्यांना मी प्रयोगशाळेत नेलं. आमच्याकडे एक जुनी सायकल उलटी करून ठेवलेली आहे, तिला टायरला टेकणारा बाटलीसारखा डायनॅमो आहे. बल्बची वायर सोडली आणि त्यांना हाताने पेडल फिरवायला लावलं. मग फिरतं असतानाच वायर जोडली. बल्ब पेटला आणि पेडल जड झालं. त्यांनी स्वतःच वायर दोनदा काढून पुन्हा लावून पाहिली. बल्ब पेटतो तेव्हाच हाताला ओढ बसते. डायनॅमो वीज तयार करत नाही, तो हाताच्या मेहनतीचं विजेत रूपांतर करतो. जेवढी वीज काढाल तेवढा तो फिरवायला जड होतो.

आता व्हिडिओतल्या यंत्राचा हिशेब. मोटारीला 100 जूल दिले तर चांगल्या मोटारीतून 80 बाहेर येतात, बाकी तिच्या गरम होण्यात आणि आवाजात जातात. पट्ट्याच्या घर्षणात आणखी चार-पाच गेले. जनरेटरही 80 टक्क्यांचा धरला तर हाती येतात साधारण 60. हे 60 पुन्हा मोटारीला दिले की दुसऱ्या फेऱ्यात 36 उरतात, तिसऱ्यात 22. बल्बला अजून काही दिलेलंच नाही. मोटार कितीही महागाची घ्या, प्रत्येक फेऱ्यात थोडं गळतंच. न गळणारं यंत्र आजवर कुणी बनवलेलं नाही. आणि बनलंच, तरी ते फक्त स्वतःभोवती फिरेल. त्यातून पाणी उपसायला घेतलं की त्याच क्षणी त्याची पुंजी उतरायला लागेल.

मग व्हिडिओतलं चाक पिन काढल्यावर फिरतं कसं? लोक फसतात ते इथेच, कारण डोळ्यांना दिसतं ते खोटं नसतं. जुन्या डिझेल इंजिनाचं जड चाक इंजिन बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतं, हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. चाकात गतिज ऊर्जा साठते. पण किती? 50 किलोचं, दोन फूट व्यासाचं भरीव चाक मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर त्यात सुमारे 28 हजार जूल असतात. 5 एचपीचा पंप सेकंदाला 3,730 जूल खातो. भागाकार करा: सात-आठ सेकंद. एवढ्यात चाक थांबलं पाहिजे. एक लहानसा बल्बच लावला तर जास्त वेळ टिकेल, म्हणून व्हिडिओत बल्ब दाखवतात, पंप दाखवत नाहीत. आणि चाकात भरलेले ते 28 हजार जूलही पिन काढण्याआधी बोर्डातूनच आलेले असतात.

इथवर आलो की कुणीतरी हमखास म्हणतं, “पण आपल्या भास्कराचार्यांनी आपोआप फिरणारं चक्र लिहून ठेवलं आहे, ते दडपलं गेलं.” लिहिलं आहे, हे खरं. 1150 साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पोकळ आऱ्यांच्या चाकाचं वर्णन आहे. आऱ्यांत अर्धा पारा भरायचा आणि चाक स्वतःहून फिरतं, असं ते सांगतं. भास्कराचार्यांबद्दल आपल्या जिल्ह्याला जिव्हाळा वाटावा असं कारणही आहे. ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगताना त्यांनी उज्जयिनीच्या बरोबरीने वत्सगुल्माचं, म्हणजे आपल्या वाशिमचं, नाव घेतलं आहे. म्हणूनच मला सांगावंसं वाटतं की ते चक्र फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब सरकतो म्हणून ती बाजू जड वाटते, पण पूर्ण फेऱ्यात पारा जेवढा खाली उतरतो तेवढाच वर चढवावा लागतो. उतरताना गुरुत्वाने दिलं ते चढताना गुरुत्व परत घेतं. चाक थोडं हलतं आणि समतोल सापडला की थांबतं. भास्कराचार्यांच्या काळी ऊर्जा ही संकल्पनाच नव्हती. मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मांडला तो 1840 च्या दशकात, भास्कराचार्यांनंतर जवळजवळ सातशे वर्षांनी. दडपण्यासारखं त्यात काही नव्हतं. युरोपातल्या लोकांनी तसलीच चाकं शतकानुशतकं बनवून पाहिली, आणि 1775 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने सदागती, म्हणजे आपोआप कायम फिरणाऱ्या, यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही असं ठरवूनच टाकलं.

आपल्याकडचा कायदाही स्पष्ट आहे. ‘कंपन्यांनी पेटंट दाबलं’ असं सांगणाऱ्याला 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3 दाखवा. प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट त्या कलमाप्रमाणे शोधच ठरत नाही.

हरवलेली ऊर्जा जाते कुठे, हा प्रश्न मात्र मला मोलाचा वाटतो. ‘ऊर्जा संपली’ असं आपण सहज म्हणतो, कारण ती गेलेली दिसत नाही. जूलने वजनं खाली सोडली, त्यांच्या ओढीने पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. आजच्या आकड्यांत: एक लिटर पाणी फक्त एका अंशाने तापायला जी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी 427 मीटर उंच उचलता येतं. बोटाला कळणारही नाही एवढ्या उबेत एक अख्खा डोंगर चढण्याइतकं काम दडलेलं असतं. मोटारीचं अंग कोमट लागतं, पट्टा गरम होतो, तिथेच ती ‘संपलेली’ ऊर्जा असते.

या पट्टीवर विहीरही मोजता येते. साठ फुटांवरून, म्हणजे सुमारे 18 मीटरवरून, हजार लिटर पाणी वर आणायचं कार्य एक लाख 76 हजार जूल. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. काहीच गळलं नाही तर एका युनिटमध्ये वीस हजार लिटर पाणी यायला हवं. पंप निम्मं वाया घालवत असेल तर दहा हजार. फूटव्हॉल्व्ह, पाइपाचा व्यास, बेंड नीट ठेवले तर यातलं बरंच वाचवता येतं. खरी बचत इथे आहे.

विजेशिवाय पाणी चढवणारं यंत्रही खरोखर असतं. हायड्रॉलिक रॅम त्याचं नाव, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. पण त्याला वरून पडणारं वाहतं पाणी लागतं. बरंचसं पाणी खाली सोडून तो थोडं पाणी वर चढवतो. आपल्या राज्यात घाटघरला 250 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प वीज वापरून पाणी पुन्हा वर चढवतो आणि वीज बनवायला खाली सोडतो. असे प्रकल्प साधारण चार युनिट खर्चून तीन युनिट परत देतात. तरी परवडतात, कारण मागणी कमी असतानाची वीज मागणीच्या वेळी मिळते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘फळीवरून पोतं ट्रकात चढवलं की काम कमी होतं.’ जोर कमी लागतो, अंतर वाढतं. कार्य तेवढंच, घर्षण धरलं तर थोडं जास्तच.

‘डोक्यावर घागर घेऊन उभ्या बाईने काम केलं नाही असं विज्ञान म्हणतं.’ घागरीवर कार्य शून्य, कारण विस्थापन नाही. पण तिचे स्नायू सतत आखडत-सैल होत अन्नातली ऊर्जा उष्णतेत घालवत असतात, म्हणून ती दमते. भौतिकशास्त्राचा ‘कार्य’ हा शब्द तिचे कष्ट मोजायला बनलेलाच नाही.

‘एचपी म्हणजे ऊर्जा.’ एचपी म्हणजे ऊर्जा किती वेगाने खर्च होते ते. 5 एचपी तासभर चालला तर 3.73 युनिट.

‘हातात धरताच पेटणारा एलईडी बल्ब अंगातल्या विजेवर चालतो.’ त्याच्या आत चार्ज होणारी बॅटरी असते.

‘मग सौर पंप कसा चालतो?’ हा त्या शेतकऱ्यांचाच प्रश्न होता, आणि रास्त होता. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट ऊन पडतं, पॅनेल त्याचा पाचवा भाग विजेत बदलतं. म्हणून 5 एचपीसाठी पाच हजार वॉटच्या आसपास पॅनेल, म्हणजे पंचवीस चौरस मीटर जागा लागते. ढग आला की धार बारीक होते, रात्री बंद. त्याची ऊर्जा कुठून येते ते वर पाहिलं की दिसतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के.

व्हिडिओवाल्याला काय विचारायचं, तेही त्यांनी जाताना वहीच्या पानावर लिहून मागितलं. मी लिहून दिलं: मशीन माझ्या शेतात आणा, बोर्डापासून दूर, मोकळ्या जमिनीवर ठेवा. पेटी असेल तर उघडून दाखवा. माझा पंप त्याला जोडा आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालवा. पैसे सहानंतर.