उत्तेजक आणि मादक : एका गल्लतीचा खुलासा

वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठावर एखाद्या खेळाडूच्या नावापुढे ‘उत्तेजक चाचणीत दोषी’ हे शब्द छापले गेले, की प्रतिस्पर्ध्याच्या हक्काचे यश लबाडीने हिरावून घेणाऱ्या माणसाची प्रतिमा वाचकाच्या मनात तत्काळ उभी राहते. वस्तुतः त्या शब्दांखाली दोन सर्वस्वी भिन्न प्रकारची माणसे एकाच पिंजऱ्यात उभी केली जातात. स्नायूंचे बळ वाढावे किंवा रक्तातील प्राणवायू वाढावा म्हणून महिनोन्महिने हिशेबाने औषधे टोचून घेणारा हा एक. आणि खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या एखाद्या रात्री, दुःखापायी, संगतीपायी किंवा केवळ चैनीखातर ज्याने गांजाचा झुरका घेतला वा कोकेन हुंगले, तो दुसरा. पहिल्यासाठी ‘उत्तेजक’ आणि दुसऱ्यासाठी ‘मादक’ किंवा ‘अमली’ असे स्वतंत्र शब्द आपल्या भाषेत असताना आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, आणि मग ‘अशा खेळाडूला कायमचे हाकलून द्या’ हा निवाडाही दोघांसाठी एकाच दमात देऊन मोकळे होतो. व्यावसायिक क्रीडासंघटनांनी, म्हणजे ज्यांना आपण आता सर्रास ‘लीग’ म्हणू लागलो आहोत त्यांनी, या दुसऱ्या माणसाशी कसे वागावे, या प्रश्नाभोवती जितके गैरसमज साचले आहेत तितके क्रीडाविश्वातील दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाभोवती क्वचितच असतील.

सर्वांत रुजलेली समजूत अशी, की मादक द्रव्ये खेळाडूला केव्हाही आणि कोठेही वर्ज्य असतात व ती घेतली म्हणजे खेळाचा नियम मोडलाच. १९९९ साली स्थापन झालेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे ‘वाडा’ची, नियमावली तसे म्हणत नाही. एखादे द्रव्य निषिद्ध यादीत घालण्यासाठी तिने तीन कसोट्या ठरविल्या आहेत. त्याने कामगिरी वाढते किंवा वाढू शकते, त्याने प्रकृतीला धोका पोहोचतो किंवा पोहोचू शकतो, आणि त्याचा वापर क्रीडाभावनेला बाध आणतो, या तिहींपैकी दोन लागू पडल्या की पुरे. म्हणजेच कामगिरीत तिळमात्र भर न घालणारे द्रव्यही यादीत येऊ शकते, आणि २०२२ साली फेरविचार होऊनही गांजा यादीत राहिला तो प्रकृती आणि क्रीडाभावना या दोन कसोट्यांच्या बळावर. मात्र कोकेन व गांजा यांचा निषेध आहे तो स्पर्धाकाळापुरता, आणि स्पर्धाकाळ सुरू होतो सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. त्यापूर्वीच्या सेवनाबद्दल देशाचा कायदा खेळाडूला काय तो जाब विचारील. क्रीडानियमाने तो भाग आपल्या हाती घेतलेला नाही.

येथेच दुसरी, अधिक सूक्ष्म गफलत होते. नमुन्यात द्रव्य सापडले, त्या अर्थी खेळाडू नशेत मैदानावर उतरला होता, असे लोक धरून चालतात. त्यासाठी चाचणी कशी होते ते जवळून पाहिले पाहिजे. सामना संपल्यावर घामेजलेल्या खेळाडूला एक अधिकारी गाठतो, आणि त्या क्षणापासून नमुना देऊन होईपर्यंत त्याला नजरेआड होऊ देत नाही. मोहोरबंद संचांपैकी एक संच खेळाडू स्वतः निवडतो, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत किमान ९० मिलिलिटर लघवी देतो, आणि ती ‘अ’ व ‘ब’ अशा दोन बाटल्यांत स्वतःच्याच हाताने ओतून झाकणे घट्ट बसवितो. बाटल्यांवर क्रमांक असतो, नाव नसते. या बाटलीतून प्रयोगशाळेला द्रव्य कोणते आणि किती, एवढेच कळते. ते कोठे, कशासाठी आणि नेमके केव्हा घेतले, हे बाटली सांगू शकत नाही. गांजातील मादक घटक चरबीत मुरतो आणि नित्य सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचा अवशेष कित्येक आठवडे उतरत राहतो. कोकेनचा अवशेष दोन-चार दिवस टिकतो. केसांत तर महिन्यांचा इतिहास साठून राहतो. शनिवारच्या सामन्यानंतर सापडलेला अंश बुधवारच्या रात्रीचा असू शकतो, आणि त्या अंशाने शनिवारी खेळाडूच्या पायांना कसलीही गती दिलेली नसते. गांजासाठीची मर्यादा २०१३ साली दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमवरून १५० वर नेण्यात आली. ज्यांना ही ढिलाई वाटली, त्यांनी हे लक्षात घ्यायला हवे, की जुन्या मर्यादेत आठवड्यापूर्वीच्या झुरक्यालाही सामन्याच्या दिवशीचा गुन्हा ठरविले जात होते.

‘पूर्वी शिस्त होती, आता पैशासाठी सर्व माफ’ हा उद्गार २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडेही पुष्कळांनी काढला. गुजरात टायटन्सकडून दोन सामने खेळून एप्रिलच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज कागिसो रबाडा मायदेशी परतला, तेव्हा वैयक्तिक कारण एवढेच सांगण्यात आले होते. पुढे महिन्याभराने त्याने स्वतःच जाहीर केले, की मादक द्रव्याच्या चाचणीत तो सापडला होता. नमुना जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील लीगच्या एका सामन्यानंतरचा होता. बंदी भरली एका महिन्याची, आणि जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचे नऊ बळी घेऊन त्याने आपल्या देशाच्या विजयाचा पाया घातला. एवढ्या नामांकित गोलंदाजाला एवढीच शिक्षा, हे पाहून अनेकांना हा वशिल्याचा कारभार वाटला. तो नव्हता. २०२१ पासून अमलात आलेल्या नियमाप्रमाणे कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि गांजातील मादक घटक या चार द्रव्यांबाबत, सेवन स्पर्धाकाळाबाहेर आणि कामगिरीशी संबंध नसताना झाले असे खेळाडूने सिद्ध केले, तर बंदी तीन महिन्यांची असते, व मान्य उपचारक्रम पुरा केल्यास ती एका महिन्यावर येते. न्यूझीलंडच्या डग ब्रेसवेललाही २०२४ साली कोकेनबद्दल याच नियमाने एक महिना मिळाला. तो काही जगाचा लाडका तारा नव्हता.

या नियमामागे किती वर्षांचा पश्चात्ताप आहे हे मार्टिना हिंगीसच्या उदाहरणावरून कळते. लिअँडर पेस व सानिया मिर्झा यांच्या जोडीने २०१५ साली विम्बल्डनची दोन अजिंक्यपदे मिळविणारी ही टेनिसपटू आपल्या वाचकांना परकी नाही. २००७ च्या विम्बल्डनमध्ये तिच्या नमुन्यात कोकेनचा अवशेष अत्यल्प प्रमाणात आढळला. तिने सेवनाचा आरोप साफ नाकारला, त्याच वर्षी निवृत्ती पत्करली, आणि तरीही तिच्यावर दोन वर्षांची पुरी बंदी लादण्यात आली, म्हणजे शरीर फुगविण्यासाठी पद्धतशीर औषधे घेणाऱ्याला तेव्हा जी शिक्षा मिळे, तीच. पेरूच्या फुटबॉल संघाचा कर्णधार पाओलो गेरेरो याची कथा याहून हृदयद्रावक आहे. त्याच्या शरीरातला अंश कोकाच्या पानांच्या चहातून आला असे क्रीडा लवादाने मानले, कामगिरी वाढविण्याचा हेतू नव्हता हेही मानले, आणि तरीसुद्धा २०१८ च्या मे महिन्यात बंदी वाढवून चौदा महिन्यांची केली. छत्तीस वर्षांनी विश्वचषकात पोहोचलेल्या देशाचा कर्णधार घरी बसणार, हे पाहून त्याच गटातील फ्रान्स, ऑस्ट्रेलिया व डेन्मार्क या प्रतिस्पर्धी संघांच्या कर्णधारांनी त्याच्यासाठी फिफाकडे रदबदली केली. अखेर स्विस न्यायालयाने बंदी तहकूब ठेवली, तो खेळला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने गोलही केला. ज्यांची फसवणूक झाली असे नियम म्हणत होता, तेच त्याच्यासाठी दाद मागायला पुढे आले, यापेक्षा त्या नियमाच्या अपुरेपणाचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

नवा नियमही निर्दोष नाही. २०२१ च्या जूनमध्ये ओरेगॉनमधील युजीन येथे ऑलिम्पिकच्या अमेरिकी निवडचाचणीत धावपटू शाकारी रिचर्डसन १०० मीटर १०.८६ सेकंदांत जिंकली आणि नारिंगी केसांची ती मुलगी प्रेक्षागाराच्या पायऱ्या चढून आपल्या आजीच्या गळ्यात पडली. त्याच दिवसांत, जन्मदात्री आई वारल्याची बातमी तिला एका वार्ताहराच्या तोंडून कळली होती, आणि त्या आघातात तिने गांजा ओढला होता, जो त्या राज्यात प्रौढांना कायदेशीर होता. शिक्षा महिन्याचीच झाली; पण शर्यतीचा निकाल रद्द झाला आणि टोकियोची शंभर मीटर हुकली. दोन वर्षांनी बुडापेस्टला तीच मुलगी १०.६५ सेकंदांत जगज्जेती झाली. कॅलेंडरवर एक महिना हा सर्वांना सारखाच असतो. खेळाडूच्या आयुष्यात तो कधी कधी चार वर्षांएवढा असतो.

आता कडक शिक्षेच्या धाकाविषयी. १९८६ च्या १७ जूनला बोस्टन सेल्टिक्सने लेन बायस या तरुण बास्केटबॉलपटूला दुसऱ्या क्रमांकाने निवडले, आणि १९ जूनला तो कोकेनने मृत्यू पावला. देश हादरला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेने जो कायदा केला त्यात पाच ग्रॅम ‘क्रॅक’ बाळगणाऱ्याला सक्तीची पाच वर्षांची कैद ठरली, तर भुकटीच्या कोकेनसाठी तीच कैद ५०० ग्रॅमना. बायसच्या मृत्यूस कारण झालेली तर भुकटीच होती. शोकाच्या भरात काढलेली फर्माने कोणावर जाऊन आदळतात, हे त्यावरून दिसते. त्याच १९८६ च्या ऑगस्टमध्ये, ‘गर्द’ने मुंबई-पुण्यातील घरे उद्ध्वस्त होत असताना, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उघडले आणि व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानून जवळ केले. एकाच वर्षातील या दोन उत्तरांपैकी कोणत्या उत्तराने माणसे परत मिळाली, याविषयी माझ्या मनात किंतु नाही.

धाकाचा प्रयोग बेसबॉलने स्टीव्ह हाउ या गोलंदाजावर पुरेपूर करून पाहिला. १९८० सालचा सर्वोत्तम नवोदित ठरलेल्या या खेळाडूला मादक द्रव्यांपायी सात वेळा निलंबित करण्यात आले, तहहयात बंदी झाली, ती लवादाने उठविली, आणि व्यसन मात्र तसेच राहिले. याउलट अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने १९८३ मध्येच खेळाडूंच्या संघटनेशी करार करून अशी तजवीज केली होती, की जो प्रथमच आपण होऊन पुढे येईल त्याचे उपचार क्लबच्या खर्चाने व पगार चालू ठेवून व्हावेत, दुसऱ्या वेळी पगार थांबावा, आणि तिसऱ्या वेळी बडतर्फी यावी. पण दोन वर्षांनंतर परत येण्याचा अर्ज करण्याची मुभा तेव्हाही असावी. या मुभेनेच ख्रिस अँडरसन २००६ मध्ये बडतर्फ होऊन २००८ मध्ये परतला आणि २०१३ साली मायामीच्या विजेत्या संघात खेळला.

सौम्य धोरण म्हणजे डोळेझाक, असेही समजू नये. बेसबॉल लीगने २०१९ च्या डिसेंबरात गांजा यादीतून वगळला, हे सर्वांच्या लक्षात राहिले. पण त्याच ठरावाने अफूजन्य वेदनाशामकांच्या व कोकेनच्या चाचण्या सुरू केल्या, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्या वर्षीच्या जुलैत टायलर स्कॅग्ज हा २७ वर्षांचा गोलंदाज फेंटानिल, ऑक्सिकोडोन व मद्य यांच्या मिश्रणाने हॉटेलच्या खोलीत मरण पावला होता. खेळाडूंचे प्राण कशाने जातात हे पाहून लीगने आपले लक्ष तिकडे वळविले, आणि सापडलेल्याला प्रथम उपचारमंडळाकडे धाडण्याचा शिरस्ता घातला.

गोपनीयतेविषयीचा गैरसमज सर्वांत अवघड. ‘प्रेक्षक पैसे मोजतात, त्यांना कळले पाहिजे’ असे म्हटले जाते. इंग्लंडमध्ये सरेचा २३ वर्षांचा फलंदाज टॉम मेनार्ड २०१२ साली रेल्वेमार्गावर मृत्यू पावला; चौकशीत त्याच्या शरीरात कोकेन व एक्स्टसी आढळली, आणि तो ती वारंवार घेत असावा असे केसांच्या तपासणीवरून दिसले. सहकाऱ्यांत वावरणारा एक तरुण असा बुडत होता आणि क्रीडाव्यवस्थेपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. म्हणून तेथील मंडळाने खेळाडूंच्या संघटनेच्या संमतीने केसांची चाचणी सुरू केली, पहिला निकाल गुप्त ठेवून मदत करावी या बोलीवर. २०१९ मध्ये या चाचणीत सापडलेल्या इंग्लंडच्या अॅलेक्स हेल्सची २१ दिवसांची बंदी नियमाप्रमाणे भरून झाली होती. बातमी बाहेर फुटली आणि त्याला विश्वचषकाच्या संघातून वगळण्यात आले. एकवीस दिवसांची शिक्षा साडेतीन वर्षांची झाली. तो परतला तेव्हा २०२२ च्या नोव्हेंबरात अॅडलेडला भारताविरुद्ध त्याने ४७ चेंडूंत केलेल्या नाबाद ८६ धावा आपल्यापैकी कोण विसरला असेल? पण मला चिंता आहे ती हेल्सची नाही. ती बातमी वाचून ज्या अनामिक खेळाडूने वैद्याकडे जाण्याचा बेत मनातल्या मनात रद्द केला असेल, त्याची आहे. सामन्याच्या नमुन्यावर झालेली बंदी जाहीर व्हावी, आपण होऊन मागितलेल्या मदतीची नोंद मात्र निवडसमितीच्या दफ्तरात कधीही जाऊ नये. या दोन कागदांच्या फायली वेगळ्या कपाटात राहिल्या पाहिजेत.

आपल्याकडे भांगेचा प्रश्न निराळाच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस व गांजा यांना बंदी केली, पण गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली, म्हणून शिवरात्रीची वा होळीची भांग त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. भांग चालते तर चाचणीतही चालत असेल, असे कोणा कबड्डीपटूने समजू नये; पानांतही तोच मादक घटक असतो आणि प्रयोगशाळेला झाडाचा भाग ओळखायचा नसतो.

याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे, ज्याची क्रीडाविश्वात फारशी चर्चा होत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात द्रव्य बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला गेला, तर त्याच्यावरील खटला चालू नये, आणि उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता यावे, असा त्याचा आशय. शासनाने जी उदारता पत्करली, तीही खेळाडूला नाकारण्याचे कारण कोणत्याही लीगजवळ असू शकत नाही. भारतीय क्रिकेट मंडळाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचण्या मान्य केल्या, २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. बाटलीची व्यवस्था झाली. यापुढे प्रत्येक लीगने, मग ती क्रिकेटची असो वा कबड्डीची, आपल्या करारनाम्यात एक कलम घालावे: आपण होऊन पुढे येणाऱ्या खेळाडूच्या पहिल्या उपचाराचा खर्च लीग करील, त्या मुदतीत त्याचे मानधन बुडणार नाही, आणि हे कलम लिलावात कोट्यवधी मिळविणाऱ्याला जसे, तसेच राखीव बाकावर बसून हंगाम काढणाऱ्या, जेमतेम मानधनावर आलेल्या विशीतल्या पोरालाही लागू राहील.