पिंजऱ्यातला पुणेकर

दामू धोत्रे 1973 मध्ये गेले. ही बातमी वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आमच्या खेळातला राजाच गेला, असं वाटलं. सांगवी त्या वेळी मुळा आणि पवना नद्यांमधलं खेडं होतं. सर्कस पाहून आलं, की पुढचे आठ दिवस आमची सर्कस चाले. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल उतारावरून हात सोडून न्यायची, कुत्र्याच्या पिलाला पाटावर बसवायचं आणि समोर छडी आपटायची. ज्याच्या हाती छडी, तो दामू!

हे दामू पुण्याचे. जन्म 1902 चा. लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरले आणि 1940 मध्ये अमेरिकेतल्या प्रख्यात रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत पोहोचले. बिबटे, काळे बिबटे, प्यूमा अशा जनावरांना ते एकाच पिंजऱ्यात खेळवत.

मुलांना दिसतो तो चाबूक. खरं काम चालतं ते नजरेचं. शिकवणारा पिंजऱ्यात आधी जातो, जनावरं मागून येतात. म्हणजे ती जागा त्याची ठरते. प्रत्येक जनावराची बैठक ठरलेली असते. माणूस किती जवळ आला की ते मागे सरतं आणि किती जवळ आला की अंगावर येतं, हे अंतर ओळखावं लागतं. कान मागे गेले, शेपटी आपटू लागली, की थांबायचं. जमलं तर मांसाचा तुकडा, नाही जमलं तर उद्या पुन्हा. धोत्र्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ असं आहे.

तरीही पिंजरा तो पिंजराच. केंद्र सरकारने 1998 मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती 2001 मध्ये कायम ठेवली. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये सुरू केलेल्या परंपरेतला हा भाग संपला, ते योग्यच झालं. रोज पिंजऱ्यात राहण्याला जनावरांची संमती कुणी विचारली होती?

आज सांगवीच्या आसपासच्या रुंद रस्त्यांवर मुलं मोटारसायकलचं पुढचं चाक उचलतात, मित्र मोबाइलवर ते टिपतात. हेल्मेट घालणं त्यांना भित्रेपणाचं वाटतं. त्यांना धोत्र्यांची गोष्ट सांगायला हवी. कुठे थांबायचं हे कळत होतं, म्हणून तो माणूस रोज पिंजऱ्यातून चालत बाहेर येत असे.