डिस्क गोल्फचे पहिले मैदान: तबकडी, अंतर आणि वारा

चेन्नईत फ्लाइंग डिस्कची ओळख बहुतेकांना बेझंट नगरच्या किनाऱ्यावर होते. तिथल्या वाळूत अनेक वर्षे अल्टिमेट खेळला जातो. त्या खेळात तबकडी झेलायला समोर गडी असतो, त्यामुळे थोडी वाकडी गेलेली फेकही तो धावून सावरतो. डिस्क गोल्फमध्ये झेलणारा कोणीच नसतो. म्हणून उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात तबकडी काय करते, हे समजणे येथे महत्त्वाचे ठरते.

नियम थोडके आहेत. ठरलेल्या जागेवरून फेकायचे, तबकडी जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत लक्ष्य गाठायचे. 1975 साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तेथे सुरुवातीला लक्ष्य म्हणून साधे खांब होते. साखळ्या लावलेली टोपली हेड्रिक यांनीच नंतर तयार केली. त्याआधी लोक झाडे आणि दिव्याचे खांब यांवर नेम धरत. वस्तीतल्या मैदानाला एवढे आजही पुरते.

आता तबकडीकडे वळू. (मराठीत ‘उडती तबकडी’ म्हटले की परग्रहवासी आठवतात, आणि ते अगदीच गैर नाही: फ्रेड मॉरिसन यांनी 1955 मध्ये आणलेल्या ‘प्लूटो प्लॅटर’वर त्याच वेडाची छाप होती.) तबकडीला दोन गोष्टी हवेत धरून ठेवतात, पुढे जाण्याचा वेग आणि स्वतःभोवतीची फिरकी. वेगामुळे उचल मिळते. मात्र उचल नेमकी मध्यबिंदूवर लागत नाही, म्हणून तबकडीचा पुढचा काठ वर किंवा खाली ढकलला जातो. फिरकी नसती तर ती लगेच उलटली असती. भोवऱ्याला बाजूने टोचले तर तो टोचल्या दिशेला न पडता काटकोनात कलतो. तबकडीचेही तसेच होते, पुढचा काठ ढकलला गेला की ती कडेला कलते.

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना ती उजवीकडे कलू पाहते आणि वेग कमी झाला की डावीकडे वळून खाली येते. पहिल्या वर्तनाला ‘टर्न’ आणि दुसऱ्याला ‘फेड’ म्हणतात. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

नवशिक्यांची निराशा बहुधा इथेच सुरू होते. दूर जाणारी म्हणून ते पातळ, धारदार काठाची ड्रायव्हर तबकडी घेतात. तिला सरळ उडायला जो वेग लागतो तो त्यांच्या हातात अजून नसतो, त्यामुळे टर्न दिसतच नाही, फक्त फेड दिसतो आणि प्रत्येक फेक डावीकडे कोसळते. जोर वाढवला की हात आणखी वाकडा पडतो. जाड, बोथट काठाची पटर तबकडी कमी वेगातही बऱ्यापैकी सरळ जाते. साठ-सत्तर मीटरचे, समोर मोकळे असलेले लक्ष्य नवशिक्याला योग्य ठरते ते याच कारणाने: तेवढे अंतर पटरने दोन फेकींत गाठता येते. लहान मैदान म्हणजे पोरखेळ, हा समज माझ्या मते सोडून द्यावा.

चेन्नईत आणखी एक घटक आहे, वारा. शहराचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा आत येतो. त्या वेळी समुद्राकडे फेकलेल्या तबकडीला हवेच्या तुलनेत जास्त वेग मिळतो, म्हणून ती जास्त उचलली जाते आणि उजवीकडे कलते. जमिनीकडे फेकली तर उलट, ती लवकर खाली येते आणि डावीकडे झुकते. फेकीत काहीही न बदलता एकाच झाडावर दोन्ही बाजूंनी पाच-पाच फेकी करून पाहिल्या की हा फरक उघड दिसतो.

प्रयोग गर्दी नसताना करावा. किनारा आणि उद्याने चालणाऱ्यांची, मुलांचीही असतात. दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची कडक काठाची तबकडी डोक्याला लागली तर इजा होते. समोरची वाट पूर्ण रिकामी होईपर्यंत फेकायचे नाही, आणि वळणापलीकडचे दिसत नसेल तर एकाने पुढे जाऊन उभे राहायचे.